देव मानत नाही, पण नाताळ हवासा वाटतो

एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा सारांश देते. त्या छत्तीस वर्षांच्या आहेत, ख्रिस्ती घरात वाढल्या. बाप्तिस्मा, संडे स्कूल, चर्चच्या गायकवृंदात गाणं, सगळं रीतसर झालं. पण गेली बारा वर्षं त्या देव मानत नाहीत. घरी हे त्यांनी कधी बोलून दाखवलेलं नाही. फक्त प्रभुभोजनाच्या (चर्चमध्ये भाकरी आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीच्या) वेळी त्या जागेवरून उठत नाहीत, मागच्या बाकावर बसून राहतात. पती नास्तिक आईवडिलांच्या घरात वाढलेले. मुलगी सहा वर्षांची. दर नाताळला तिघं आईकडे जातात, झाड सजवतात, गातात, भेटी देतात आणि परत येतात.

या वर्षी त्यांचे वडील गेले. नाताळच्या आदल्या रात्री, जेवणाआधी, बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातला येशूच्या जन्माचा उतारा वाचायचं काम वडिलांचं असे. आईने आता ते थोरली म्हणून यांच्यावर सोपवलं आहे. वाचनानंतरची प्रार्थनाही यांनीच करायची आहे. पतींचं म्हणणं असं की जे मानत नाही ते साजरं करणं हे ढोंग आहे, मुलीसमोर तर नकोच, या वर्षी जाऊच नये. यांना जायचं आहे. '२५ डिसेंबर हा मुळात सूर्याचा जुना सण होता, ख्रिस्ती लोकांनी तो नंतर घेतला, असं नवऱ्याला सांगितलं तर चालेल का?' असं त्या विचारतात. आणि मुलीने मध्येच विचारलं आहे, 'आई, बाळ येशू खरंच गोठ्यात जन्मला होता का?'

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल होती. चार पानांत 'ढोंग' हा शब्द सहा वेळा आला आहे आणि 'बाबा' हा शब्द एकोणीस वेळा. तुम्ही प्रश्न नास्तिकतेबद्दल विचारला आहे आणि मी त्याचं उत्तर देणार आहे. पण हा तुमचा बाबांशिवायचा पहिला नाताळ आहे, हे बाजूला ठेवून ते देता येणार नाही. बाबा गेल्याचं वाचून फार वाईट वाटलं. मी स्वतःही देव मानत नाही, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे मी कुठून बोलते आहे ते तुम्हाला कळेल.

तुमच्या पतींच्या म्हणण्याखाली एक गृहीत आहे आणि तुम्हीही ते न तपासता मान्य केलं आहे. ते असं की सण साजरा करणं म्हणजे श्रद्धेच्या कागदावर सही करणं. निदान नाताळच्या बाबतीत हे कधीच खरं नव्हतं, आणि दोन्ही बाजूंनी नव्हतं. यहोवाचे साक्षीदार येशूला मानतात, पण नाताळ साजरा करत नाहीत. बायबलमध्ये त्याची आज्ञा नाही आणि त्याची मुळं परकी आहेत, असं ते म्हणतात. सतराव्या शतकातल्या प्युरिटन या कडक प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांचंही असंच होतं. शास्त्रात आधार नाही म्हणून इंग्लंडच्या पार्लमेंटने १६४७ साली नाताळ रद्द केला. अटलांटिकपलीकडे मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत १६५९ साली नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड बसवला गेला आणि तो कायदा १६८१पर्यंत टिकला. स्कॉटलंडमध्ये नाताळची सार्वजनिक सुट्टी सुरू झाली ती १९५८ साली. या लोकांचा येशूवरचा विश्वास तुमच्या आईइतकाच, कदाचित जास्त कडक होता. विश्वास होता म्हणूनच त्यांनी सण सोडला.

आता दुसरी बाजू पाहा. अमेरिकेत प्यू रिसर्च सेंटरने २०१३ साली केलेल्या पाहणीत, कोणताही धर्म न सांगणाऱ्यांपैकी ८७ टक्के लोकांनी आपण नाताळ साजरा करतो असं सांगितलं. हे सगळे नास्तिक नव्हते, त्यात अज्ञेयवादी होते, 'विशेष काही नाही' म्हणणारेही होते. पण आकडा बोलका आहे. जपानमध्ये ख्रिस्ती लोकसंख्या एक टक्क्याच्या आसपास आहे, तरी तिथल्या डिसेंबरात रोषणाई आणि भेटवस्तू असतातच. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्स यांच्याइतका ठाम नास्तिक शोधून सापडणार नाही, पण आपल्याला कॅरल, म्हणजे नाताळची गाणी, गायला आवडतं असं त्यांनी उघडपणे सांगितलं आहे आणि स्वतःला 'सांस्कृतिक ख्रिस्ती' म्हटलं आहे. त्यांच्याच गटात गणले जाणारे नास्तिक लेखक क्रिस्टोफर हिचन्स मात्र या काळाला वैतागायचे. सगळीकडे एकच गाणं, एकच संदेश आणि सक्तीचा आनंद, ही त्यांना एकपक्षीय राजवटीसारखी गोष्ट वाटायची. दोघांनी देवाबद्दल जवळपास एकच उत्तर दिलं, नाताळबद्दल दोन वेगळी दिली. म्हणजे देव नाही हे ठरल्यावरही नाताळाचं काय करायचं हे ठरायचं बाकी उरतंच. तो वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर तुमच्या आयुष्यातल्या माणसांकडे बघून द्यावं लागतं.

तुम्ही सुचवलेला तो सूर्याच्या सणाचा युक्तिवाद मात्र वापरू नका, असं मी कळकळीने सांगेन. एक तर तो तुम्हाला वाटतो तितका पक्का नाही. २५ डिसेंबरला बेथलेहेममध्ये ख्रिस्त जन्मला, ही नोंद रोममधल्या इसवी सन ३५४च्या एका संग्रहात मिळते आणि ती नोंद ३३६च्या सुमाराची मानतात. त्याच संग्रहात, त्याच तारखेला 'अजिंक्या'चा जन्मदिन अशीही नोंद आहे आणि तो अजिंक्य म्हणजे सूर्यदेव असं समजलं जातं. दोन्ही एकाच कागदावर आहेत. कुणी कुणाचं घेतलं याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. दुसरं एक मत असं आहे की येशूची गर्भधारणा २५ मार्चला झाली असं धरून, त्यात नऊ महिने मिळवून ही तारीख काढली गेली. त्याआधी डिसेंबरातच रोमन लोकांचा सॅटर्नेलिया नावाचा सण असे, त्यात मेणबत्त्या आणि छोट्या मूर्ती भेट देत, हेही खरं. शुभवर्तमानांमध्ये मात्र तारीखच नाही. आर्मेनियाचं चर्च आजही ६ जानेवारीला ख्रिस्तजन्म साजरा करतं, आणि जुन्या ज्युलियन पंचांगाने चालणारी रशियासारख्या देशांतली चर्चेस ७ जानेवारीला.

पण समजा उद्या तो सूर्याचाच सण होता हे सिद्ध झालं. त्याने तुमचं काय सुटतं? तुम्ही सूर्याची पूजा तरी करता का? आपण 'मंगळवार' म्हणतो तेव्हा मंगळाची आराधना करत नसतो. एखादी गोष्ट कुठून आली यावरून ती आज काय आहे हे ठरत नाही. हा युक्तिवाद तुम्ही आईच्या घरी केलात तर तुम्ही तिच्या सणाखालचा गालिचा ओढून, वर त्यावरच बसायला जागा मागितल्यासारखं होईल. आणि एक गोष्ट आपण विसरतो: पृथ्वीच्या दक्षिण अर्ध्या भागात नाताळ भर उन्हाळ्यात येतो. तिथली माणसंही तो तितक्याच आवडीने साजरा करतात. लहान झालेला दिवस पुन्हा मोठा होऊ लागला, हा आनंद त्यांच्या वाट्याला त्या दिवशी नसतो.

इतिहासातून तुम्हाला आधार हवाच असेल तर तो वेगळ्या जागी आहे. नाताळ आज जसा दिसतो तसा तो कुणी एका दिवशी घडवलेला नाही. लूकमध्ये गव्हाण आहे, पण बैल आणि गाढव नाहीत. ते नंतर आले. इटलीतल्या असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेच्चो या गावी खरी गव्हाण मांडली, खरी जनावरं उभी केली, कारण त्याला तो गरीब जन्म लोकांच्या डोळ्यांना दिसायला हवा होता. सजवलेल्या झाडाचं वर्णन १६०५ साली स्ट्रासबर्गमध्ये सापडतं. राणी व्हिक्टोरियाचं कुटुंब झाडाभोवती उभं असल्याचं चित्र १८४८ साली लंडनच्या एका साप्ताहिकात छापलं गेलं आणि मग ती प्रथा घरोघर गेली. छापील नाताळकार्ड १८४३ साली इंग्लंडमधले सरकारी नोकर हेन्री कोल यांनी काढलं, त्याचं कारण तर अगदी साधं होतं: इतक्या लोकांना हाताने पत्रं लिहायला त्यांना वेळ नव्हता. संत, राणी, नोकरदार, कारागीर, कितीतरी आया आणि आज्या, सगळ्यांनी या सणात काहीतरी टाकलं आहे. तुमच्या बाबांनी जेवणाआधीचं वाचन टाकलं. त्या सगळ्या भरीमध्ये श्रद्धेचा वाटा मोठा आहे, तो नाकारू नये. पण तो एकमेव वाटा नाही.

रशियातली एक गोष्ट मला या विषयावर विचार करताना नेहमी आठवते. सोव्हिएत राज्य स्वतःला निरीश्वरवादी म्हणवत होतं. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाअखेरीस नाताळच्या झाडाविरुद्ध मोहीम झाली आणि ते घराघरांतून गेलं. मग १९३५च्या डिसेंबरात पावेल पोस्टिशेव या पक्षनेत्याचं पत्र 'प्रावदा' या पक्षाच्या वृत्तपत्रात छापून आलं: मुलांना या आनंदापासून का वंचित ठेवायचं? आणि झाड परत आलं. नाताळचं म्हणून नाही, नववर्षाचं म्हणून. देव वजा करूनही लोकांना काय हवं होतं? वर्षाच्या शेवटी एका उजळलेल्या वस्तूभोवती घरातली माणसं जमावीत, मुलांनी डोळे विस्फारून बघावं, हे हवं होतं. त्याआधी फ्रेंच राज्यक्रांतिकारकांनी १७९३ साली सगळं पंचांगच नवं केलं होतं, जुने सण पुसून. बारा-तेरा वर्षांत ते पंचांग मागे घ्यावं लागलं. मला यातून धर्म जिंकला असं म्हणायचं नाही. सण हा हुकमाने उगवत नाही आणि हुकमाने मरतही नाही, इतकंच मला दिसतं. अमेरिकेतल्या काही मानवतावाद्यांनी २००१पासून २३ डिसेंबरला 'ह्यूमनलाइट' नावाचा निधर्मी सण सुरू केला आहे. काही नास्तिक २५ डिसेंबर न्यूटनचा जन्मदिवस म्हणून मानतात (जुन्या पंचांगाप्रमाणे १६४२, आणि न्यूटन स्वतः अत्यंत धार्मिक होता). ज्यांना नवं काही उभं करायचं आहे त्यांनी जरूर करावं. पण तुम्हाला २३ तारखेला नवा सण नको आहे, ताई. तुम्हाला २४ तारखेला आईच्या टेबलापाशी बसायचं आहे.

मग ढोंगाचं काय? हा शब्द मी गांभीर्याने घेते, कारण तुमचे पती काही उगाच बोलत नाहीत. खरं वागणं ही त्यांच्या नास्तिकतेची जान आहे आणि मुलीला तेच द्यायचं आहे. पण ढोंग म्हणजे नेमकं काय? जे मनात नाही ते आहे असं समोरच्याला वाटावं म्हणून केलेली कृती. म्हणजे प्रत्येक कृती वेगळी धरून विचारायला हवं: हे करताना मी काही सांगते आहे का, आणि सांगते आहे ते खोटं आहे का?

झाड सजवताना तुम्ही काहीच सांगत नाही. भेट देताना सांगता ते इतकंच, की तू मला प्रिय आहेस. कॅरल गाताना? इथे माणसं अडखळतात, कारण गाण्यात 'या, आपण त्याला नमन करू' असं असतं. पण गाण्यातला 'मी' हा गाणाऱ्याचा 'मी' असतोच असं नाही. विरहाचं गाणं गाणारा दर वेळी विरहात नसतो. तुम्ही गायकवृंदात होतात, चार आवाज एकमेकांत बसतात तेव्हा अंगावर येणारा काटा तुम्हाला माहीत आहे. तो खरा असतो. तो घेण्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

प्रभुभोजन घेणं ही वेगळी गोष्ट आहे. तिथे त्या समाजाने स्वतःच सांगितलेलं आहे की विश्वास असलेल्यांनी पुढे यावं. तुम्ही बारा वर्षं जागेवर बसून राहिलात. तुम्हाला तो पळपुटेपणा वाटतो असं लिहिलं आहे. मला तो आदर वाटतो, त्यांच्याबद्दलचा आणि स्वतःबद्दलचाही. मतांगीकार, म्हणजे चर्चमध्ये सगळे मिळून म्हणतात ती विश्वासाची कबुली, म्हणतानाही तेच. 'मी विश्वास ठेवतो' हे वाक्य पहिल्या पुरुषात आहे, एकवचनात आहे, आणि ते गाणं नाही, साक्ष आहे. सगळे म्हणत असताना शांत उभं राहता येतं. कुणी वळून बघत नाही.

आता तुमच्यापुढची दोन कामं. आईने ती एका दमात सांगितली म्हणून तुम्हाला ती एकच वाटतात, पण ती एक नाहीत. उतारा वाचणं म्हणजे दुसऱ्याने लिहिलेली गोष्ट आपल्या आवाजात ऐकवणं. वाचणारा आपला आवाज उसना देतो. ऐकणाऱ्यांना ठाऊक असतं की हे शब्द लूकचे आहेत. प्रार्थना तशी नाही. प्रार्थनेत तुम्ही कुणाशी तरी बोलता, आणि ती पुढे होऊन करायची म्हणजे टेबलाभोवतीच्या सगळ्यांच्या वतीने बोलता. जो आहे असं तुम्हाला वाटत नाही त्याला, ज्यांना तो आहे असं वाटतं त्यांच्या वतीने, 'आम्ही तुझे आभार मानतो' म्हणायचं. हे तुमच्यावरही अन्याय करणारं आहे आणि त्यांच्यावरही. तुमचा धाकटा भाऊ चर्चच्या कामात मनापासून असतो असं तुम्ही लिहिलं आहे. प्रार्थना त्याच्याकडे जाऊ द्या. आईला ती ज्याच्या तोंडून यायला हवी त्याच्याच तोंडून येईल.

म्हणून माझं उत्तर असं: वाचा. प्रार्थना करू नका. आणि जा.

पण एवढ्यावर तुमच्या पतींचं समाधान होणार नाही, होऊही नये, कारण एका बाबतीत त्यांचं बरोबर आहे. त्यांनी बोट चुकीच्या जागी ठेवलं आहे, दुखणं मात्र खरं आहे. तुमच्या घरात खोटं कुठे असेल तर ते कॅरलमध्ये नाही, बारा वर्षांच्या गप्प राहण्यात आहे. आईने हे वाचन तुम्हाला श्रद्धाळू समजून दिलं असेल, आणि तुम्ही तो समज तसाच ठेवून वाचलंत, तर वाचताना घशात काहीतरी अडकेल. ते तुम्हाला आताच जाणवतं आहे. म्हणून तर पत्र लिहिलंत.

यातही एक गृहीत तपासून पाहू. आईला माहीत नाही, असं तुम्ही धरून चालला आहात. बारा वर्षं आपली मुलगी प्रभुभोजनाला उठत नाही, हे त्याच चर्चमध्ये, त्याच बाकांवर बसणाऱ्या आईला दिसलं नसेल? मला खात्रीने सांगता येणार नाही. पण या विषयावर आजवर मला जी पत्रं आली त्यांतल्या बऱ्याच लेकी-लेकांनी, शेवटी सांगून टाकल्यावर, 'मला माहीत होतं' हेच ऐकलं. आईने हे तुम्हाला तुम्ही श्रद्धाळू आहात म्हणून दिलं की बाबांची थोरली आहात म्हणून दिलं, हे तिला विचारल्याशिवाय कळणार नाही. दुसरी शक्यता मला जास्त वाटते.

तिला सांगा. पण नाताळच्या रात्री नाही, आणि सगळ्यांसमोर तर नाहीच. त्याआधी दहा-पंधरा दिवस, दोघीच असाल तेव्हा, हात कशात तरी गुंतलेले असतील तेव्हा. झाडाचे जुने दागिने पुसायला काढाल तेव्हाही चालेल. थोडक्यात सांगा. 'आई, मी बरीच वर्षं तुझ्यासारखा विश्वास ठेवत नाही. तुला कदाचित जाणवलं असेल. बाबांचं वाचन मला करायचं आहे, मनापासून करायचं आहे. पण प्रार्थना माझ्या तोंडून खरी होणार नाही, ती भाऊ करू दे. हे माहीत असूनही तू म्हणशील तर मी वाचेन.' एवढं पुरे. देव का नाही, हे समजावू नका. लूक सांगतो ती जनगणना इतिहासाशी नीट जुळत नाही, हेही त्या दिवशी नको. क्विरिनियस या रोमन सुभेदाराची नोंदणी इसवी सन ६ची आणि ज्याच्या काळात येशू जन्मला असं सांगतात तो राजा हेरोद त्याच्या जवळपास दहा वर्षं आधी मेलेला, हा वाद अभ्यासकांनी खूप घातला आहे आणि तो पळून जात नाही. त्या दिवशी आईला तिचा विश्वास चूक आहे हे ऐकायचं नाही, आपली मुलगी आपल्यापासून दूर गेली नाही हे ऐकायचं आहे.

मग निर्णय तिचा. 'तरी तूच वाच' म्हणाली तर तुमच्या गळ्यातला दगड उतरला. 'मग त्यालाच वाचू दे' म्हणाली तर ते लागेल, फार लागेल. तरी घासाघीस करू नका. उतारा तिच्या श्रद्धेचा भाग आहे, तो कुणी वाचावा हे ठरवायचा हक्क तिचा आहे. अशा वेळी तुम्ही दुसरं काही मागू शकता: बाबांबद्दल दोन मिनिटं बोलण्याची जागा. रडली, रागावली, तर थांबा. बोललेलं मागे घेऊ नका आणि पुढेही रेटू नका.

कुणी म्हणेल, नवरा गेलेल्या बाईला हे याच वर्षी सांगायलाच हवं का? रास्त प्रश्न आहे, आणि तुमच्या आईला तुम्ही ओळखता, मी नाही. ती फारच खचलेली असेल तर या वर्षी लहान सत्य सांगा: 'वाचन मी करते, प्रार्थना मला जमणार नाही, ती भाऊ करेल.' यात खोटं काही नाही. उरलेलं पुढच्या उन्हाळ्यात. पण 'कधीतरी सांगू' असं मोकळं सोडू नका. बारा वर्षं तशीच गेली आहेत.

तुमच्या पतींशीही एक बोलायला हवं, थोडं हळुवारपणे. ते ज्या घरात वाढले तिथे सोडून द्यायला काही नव्हतं. तुम्ही एक घर आतून सोडलं आणि त्यातली माणसं सोडली नाहीत. हा अनुभव त्यांना नाही. तो त्यांचा दोष नव्हे, पण त्यांना तो सांगावा लागेल, कारण आपोआप कळणार नाही. त्यांना सोबत न्या, पण गायला लावू नका, मान खाली घालायला लावू नका. प्रार्थनेच्या वेळी ते डोळे उघडे ठेवून शांत बसतील, आणि तुमच्या घरच्यांनी ते चालवून घ्यावं. तुमच्या मुलीला खरं वागणं शिकायचं असेल तर यापेक्षा चांगला वर्ग कुठे भरणार? एकाच टेबलावर आजी डोळे मिटून बसली आहे, तिचे स्वतःचे बाबा डोळे उघडे ठेवून, आणि कुणी कुणाला टोचत नाही.

तिच्या प्रश्नाचं उत्तर सरळ द्या. सहा वर्षांच्या मुलांना 'काही लोकांना असं वाटतं, काहींना तसं' हे उत्तम कळतं. सांगा, की ही गोष्ट फार जुनी आहे. चार जणांनी येशूबद्दल लिहिलं. त्यांतल्या मत्तय आणि लूक या दोघांनीच त्याच्या जन्माची गोष्ट सांगितली. एकाच्या गोष्टीत पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक आहेत, दुसऱ्याच्या गोष्टीत मेंढपाळ. आजीला वाटतं हे असंच घडलं. मला वाटतं ही माणसांनी रचलेली सुंदर गोष्ट आहे. तू मोठी होशील तसं तुला काय वाटतं ते ठरव. फक्त एक करू नका: 'आजीला सांगू नको हं' असं म्हणू नका. ज्या दिवशी तिला गुपित सांभाळायला लावाल, त्या दिवशी नाताळ खरोखरच ढोंग होईल. आईशी आधी बोला म्हणते त्याचं हेही एक कारण आहे.

इतर वाचकांसाठी दोन शब्द, कारण सगळ्यांची घरं यांच्यासारखी नसतात. सणाच्या नावाखाली तुम्हाला बालपणी धाक घातला गेला, नरकाची भीती दाखवली गेली, किंवा आजही 'आधी गुडघे टेक, मग ताट मिळेल' असं असेल, तर हे पत्र तुमच्यासाठी नाही. तुम्ही जाऊ नका. न जाण्यालाही स्पष्टीकरण लागत नाही. आणि ज्यांना नाताळ नुसताच आवडत नाही, गर्दी, खरेदी, तीच ती गाणी नकोशी वाटतात, त्यांनी तो खुशाल सोडावा. नास्तिकाने साजरा करायलाच हवा असं कुठे आहे? साजरा करणाऱ्यांनी मात्र त्या रात्री टेबलावर बसून श्रद्धाळूंची परीक्षा घेऊ नये. ते घर त्या रात्री त्यांचं आहे, आपण आपल्या खुशीने आलो आहोत.

ताई, आता वाचनाबद्दल. बाबांच्या बायबलमध्ये त्या उताऱ्यावर पेन्सिलीच्या बारीक खुणा आहेत, ते कुठे थांबायचे त्याच्या, असं तुम्ही लिहिलं आहे. तेच पुस्तक घ्या, नवं नको. दोन-तीन दिवस आधी एकट्या असाल तेव्हा एकदा मोठ्याने वाचून काढा. सुरुवात सोपी जाईल, कैसर औगुस्ताच्या हुकमाची आहे, नावनोंदणीची, सरकारी कागदासारखी. पुढे उतारशाळेत जागा नसते तिथे, किंवा मेंढपाळ रात्री रानात असतात तिथे, आवाज जाईल. आधी एकदा गेला तर त्या रात्री कमी जाईल. पाण्याचा पेला हाताशी ठेवा. भावाला सांगून ठेवा की मी थांबले तर दोन ओळी तू वाच, मी पुन्हा घेईन. आणि बाबांच्या खुणा जिथे असतील तिथे थांबा, त्यांच्याइतकाच वेळ.